घरच्यांना ‘स्टार ट्रेक’ दाखवायचंय, तर सुरुवात कुठून करावी?

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळजहाजाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेवर तुमचं शाळेपासून प्रेम, आणि ते घरच्यांपर्यंत पोचावं अशी इच्छा. म्हणून १९६६च्या पहिल्या भागापासून क्रमाने लावायला घेतलंत. पहिल्या शनिवारी पाचही जण बसले, दुसऱ्या शनिवारी तिघं, तिसऱ्या शनिवारी हॉलमध्ये तुम्ही एकटे. घरात सत्तरीचे आई-बाबा आहेत. आईंना इंग्रजी फारसं कळत नाही, बाबा नाटकवेडे. बायकोला कोर्टाच्या आणि तपासाच्या मालिका आवडतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. आता जुनीच मालिका पुढे चालू ठेवावी की १९८७ची ‘द नेक्स्ट जनरेशन’, म्हणजे कॅप्टन पिकार्डची, लावावी, असं तुम्ही विचारताय.

मी ठाण्यात एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पाचपाखाडीतल्या आमच्या घरी २००४च्या सुमारापासून शनिवारी संध्याकाळी ही मालिका लागते. सुरुवात माझ्या मुलांपासून झाली, मग सासूबाई, यजमान, भाचरं, शेजारी, शाळेतल्या सहकारी असे एकेक येत गेले. काही आजही येतात, काही दोन भागांनंतर फिरकले नाहीत. जे सांगते ते या अनुभवातून.

जुनी की नवी हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते, कारण तुमचं अडलंय ते दुसरीकडे. पाच वेगवेगळ्या माणसांना तुम्ही एकाच वेळी एकच भाग दाखवायला बसलात. आई, बाबा, बायको, मुलगी, मुलगा यांना एरवी तरी एकच गोष्ट आवडते का? जेवणात आपण पाच जणांच्या पाच तऱ्हा सांभाळतो आणि इथे मात्र सगळ्यांना एकच ताट वाढतो. आमच्याकडे ज्याला ज्याला गोडी लागली, त्याला ती त्याच्यासाठी म्हणून निवडलेल्या एका भागाने लागली. मालिका त्याने नंतर आपणहून धरली.

क्रमाचा आग्रह तर अगदी निर्धास्तपणे सोडा. मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत सुरू झाली, तीन सीझन चालली, एकूण ७९ भाग झाले. पण ते ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने दाखवलेच गेले नाहीत. पहिला दाखवला तो मीठ शोषणाऱ्या प्राण्याचा भाग. त्यात राक्षस होता म्हणून तो पुढे आणला. तिसरा दाखवला तो आधीच तयार असलेला नमुन्याचा (पायलट) भाग, त्यामुळे त्यात गणवेश वेगळे आणि जहाजावरचा नेहमीचा डॉक्टर मॅकॉय नाहीच, भलताच डॉक्टर! नव्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट आहे, कुठूनही उचलला तरी चालतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा कुठे कोण क्रम पाळत होतं? ज्या रविवारी वीज असेल तो भाग आपला.

त्यावरून आठवलं. बाबांनी तेव्हा ती पाहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांना मालिकेचं नाव सांगण्याऐवजी ‘तो लांब कानांचा, भुवया वर गेलेला’ असं विचारून बघा. आमच्या मजल्यावरच्या दोन आजोबांना स्पॉक, जहाजावरचा तो परग्रहावरचा अधिकारी, एवढ्याच खुणेवर आठवला आणि मग ते आपणहून आत येऊन बसले.

बाबा नाटकवेडे आहेत ही तर तुमच्या हातातली मोठीच जमेची बाजू आहे. आजची मुलं जुन्या भागांना हसतात ती पुठ्ठ्याच्या खडकांमुळे आणि हलणाऱ्या भिंतींमुळे. पण गडकरी रंगायतनला आयुष्यभर नाटकं पाहिलेल्या माणसाला हे मुळीच खटकत नाही. पात्राने दार आपटलं की दिवाणखान्याची भिंत थरथरते, म्हणून प्रयोग सोडून कोणी उठलंय का? जुना ‘स्टार ट्रेक’ हे कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटकच आहे. आधी छोटा प्रवेश, मग शीर्षक, मग चार अंक आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी ताण. जहाजाची दारं आपोआप सरकतात ना, ती मागे माणूस उभा राहून ओढायचा. जहाजाच्या कॅप्टनचं, कर्कचं काम करणारे विल्यम शॅटनर कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवाच्या रंगमंचावरून आलेले. माणसं एका क्षणात ग्रहावर उतरतात ती युक्तीसुद्धा खर्चातून सुचली. दर आठवड्याला जहाज उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. बाबांना हे आधी सांगा, ‘विज्ञानकथा’ हा शब्दसुद्धा नको. ‘साठ वर्षांपूर्वीचं एक नाटक बघू या का?’ एवढंच विचारा.

त्यांच्यासाठी मी ‘जर्नी टू बेबल’ निवडेन, दुसऱ्या सीझनमधला. स्पॉकचे आईवडील जहाजावर येतात. मुलाने वडिलांनी ठरवलेली विज्ञान अकादमी सोडून दुसरी वाट धरली, म्हणून बापलेक अठरा वर्षं एकमेकांशी बाप-लेकासारखं बोललेले नाहीत. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची वेळ येते आणि लागणारं दुर्मीळ रक्त मुलाकडेच असतं. आता सांगा, ही गोष्ट परग्रहाची की आपल्या आळीतली? माझ्या यजमानांनी बँकेतली नोकरी सोडून छापखाना काढला, तेव्हा सासरे त्यांच्याशी चार वर्षं बोलले नव्हते. हा भाग बघताना यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, “रक्त द्यायला तो आधी का अडला होता, ते नीट सांग.” मी सांगितलं की कॅप्टन जखमी होता, जहाजाची जबाबदारी स्पॉकवर आली होती आणि ती सोडून जाणं त्याला कर्तव्यात बसत नव्हतं. कप खाली ठेवून म्हणाले, “आमचे बाबासुद्धा हलले नसते.” त्यानंतर शनिवारी ते स्वतः खुर्च्या लावायला लागले.

आता आईंबद्दल. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आईला इंग्रजी कळत नाही म्हणून बहुतेक लोक तिला या सगळ्यातून आधीच वगळतात. माझ्या सासूबाई मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत राहिले. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “तू बोल नाहीतर त्याला बोलू दे, दोघांचं एकदम ऐकू येत नाही.” त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी मी कीर्तनासारखं केलं. टीव्ही लावण्याआधी पाच मिनिटं मराठीत पूर्वरंग: ही खाण आहे, इथे कामगार मरताहेत, अंधारात काहीतरी आहे, ते मारायला हे लोक आलेत. पुढचं सांगितलं नाही. मग भाग लावला आणि मी गप्प बसले.

तो भाग होता ‘द डेव्हिल इन द डार्क’, मार्च १९६७चा. सासूबाई परातीत मटार सोलत होत्या. खाणीच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर एक गुळगुळीत दगडी गोळा असतो, असे हजारो खाली सापडलेत आणि त्यांची किंमत शून्य, असं तो सांगतो. पुढे कर्क एका गुहेत शिरतो आणि तिथे त्या गोळ्यांचा खच पडलेला दिसतो. सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. “अगं, ही अंडी आहेत,” त्या म्हणाल्या. “आई आहे ती. यांनी फोडलीत म्हणून मारतेय.” कर्कला आणि स्पॉकला हे कळायला अजून बराच वेळ होता! इंग्रजीतलं एक वाक्यही न कळता त्यांनी गोष्टीचं मर्म आधी गाठलं. स्पॉक त्या प्राण्याला स्पर्श करून त्याचं दुःख स्वतःच्या तोंडाने बोलतो, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आणि डॉक्टर त्याच्या जखमेत काँक्रीट भरतो तेव्हा मोठ्याने म्हणाल्या, “बरं झालं!” नंतर कितीतरी दिवस त्या विचारायच्या, “ती दगडाची आई पुन्हा कधी?”

तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय, की भाषा ही अडचण आहे पण ती पूर्वरंगाने सुटते. इंग्रजी सबटायटल आईंना उपयोगाची नाहीत, उलट अक्षरं बघून माणूस दबतो. तीच सबटायटल बायकोला आणि मुलीला मात्र लावाच, कारण जहाजावरचं बोलणं भराभर असतं. म्हणूनही दोघींची बैठक वेगळी ठेवा.

मुलासाठी काही विचार करायलाच नको. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ लावा. मऊ केसांचे गोळे खातात आणि वाढतात, एवढंच. फक्त शेजारी वही-पेन्सिल ठेवा. त्यात स्पॉक आकडा सांगतो, सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने विचारलं, “कशावरून?” आम्ही दोघांनी जमिनीवर बसून मांडलं. एका ट्रिबलला दर बारा तासांनी दहा पिल्लं, म्हणजे दर वेळी अकरापट. तीन दिवसांत असं सहा वेळा. ११, १२१, १३३१, १४६४१, १६१०५१, १७७१५६१. शेवटचा गुणाकार जुळला तेव्हा तो ओरडत स्वयंपाकघरात गेला. ते गोळे जे धान्य फस्त करतात ते लेखकाने ‘ट्रिटिकेल’च्या पुढचं वाण म्हणून कल्पिलंय, आणि ट्रिटिकेल हा गहू आणि राय यांचा खराखुरा संकर आहे. मला शिकवायला याच्याहून चांगलं साधन मिळालं नाही.

मुलीच्या बाबतीत मी तुम्हाला सावध करते. बारा वर्षांच्या मुलीला जुन्या मालिकेतल्या बायका कशा वागवल्यात हे लगेच दिसतं. तोकडे झगे, हातात ट्रे, आणि जहाजाच्या नियंत्रणकक्षात बसलेल्या उहुरा या अधिकारी बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादं वाक्य. १९६९च्या अगदी शेवटच्या भागात तर एक बाई म्हणते की तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही. माझ्या मुलीने हे पाहून मला विचारलं, “आई, हे भविष्य आहे ना? मग असं का?” टाळू नका, सांगा की १९६०च्या दशकातल्या माणसांनी कल्पलेलं ते भविष्य आहे. त्याच वेळी हेही सांगा की कृष्णवर्णीय बाई जहाजाची अधिकारी म्हणून पडद्यावर बसणं तेव्हा फार मोठं होतं. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहायला सांगितलं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. उहुराला बघत मोठ्या झालेल्या मे जेमिसन १९९२ साली अंतराळात जाणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला ठरल्या आणि पुढच्याच वर्षी पिकार्डच्या मालिकेत एका भागात दिसल्या. हे सगळं सांगूनही मुलीचं मन जुन्यात लागलं नाही, तर १९९५ची ‘व्हॉयेजर’ दाखवा. तिथे कॅप्टनच बाई आहे, कॅथरिन जेनवे. माझी मुलगी तिथूनच आत आली आणि जुनी मालिका तिने कॉलेजात गेल्यावर, आपल्या इच्छेने पाहिली.

बायकोसाठी पिकार्डच्या मालिकेतला ‘द मेझर ऑफ अ मॅन’. अख्खा खटला आहे. डेटा हा यंत्रमानव एक व्यक्ती आहे की सरकारी मालमत्ता, हे न्यायाधीशासमोर ठरायचंय, आणि त्याच्या विरुद्ध बाजू मांडायची सक्ती त्याच्याच मित्रावर होते. कोर्टाचं नाट्य आवडणाऱ्या माणसाला याच्याआधी काही माहीत असायची गरज नाही. एक मात्र करू नका. या मालिकेचे १७८ भाग आहेत म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. पहिला सीझन कच्चा आहे, आणि त्याने मी स्वतः तीन माणसं गमावलीत.

पिकार्डच्याच मालिकेतला एक भाग तुम्ही न विचारता सांगते, कारण तो मराठी घरासाठीच लिहिलाय की काय असं मला वाटतं. ‘डार्मोक’, १९९१चा. परग्रहावरचे लोक बोलतात, यंत्र प्रत्येक शब्दाचं भाषांतर करतं, तरी काही कळत नाही. कारण ते सगळं बोलणं जुन्या गोष्टींच्या दाखल्यांतून करतात: डार्मोक आणि जलाद, तनाग्रावर. शाळेतल्या मराठीच्या बाई आमच्याकडे हा भाग बघत होत्या. अर्ध्यावर त्या पुढे सरकून म्हणाल्या, “अहो, हा माणूस ‘ध चा मा’ म्हणतोय!” मग भाग संपल्यावर तासभर आम्ही तेच करत बसलो. पानिपत झालं. नरो वा कुंजरो वा. गड आला पण सिंह गेला. अटकेपार झेंडा. मी बशी पुढे केली तर त्या म्हणाल्या, “सुदाम्याचे पोहे,” आणि सगळ्यांना एकदम कळलं. शब्दकोश घेऊन बसलेल्या परक्या माणसाला यातलं काय कळणार? त्या दिवशी मला त्या भागातल्या पिकार्डची धडपड पहिल्यांदा नीट समजली, आणि मी तो त्याआधी चार वेळा पाहिला होता. तुमचे सगळे एकत्र बसायला तयार झाले, की पहिला एकत्र भाग हाच लावा.

आता तुमच्या स्वतःच्या वागण्याबद्दल, आणि हे मी मनापासून सांगते कारण मीही तेच करत होते. भाग चालू असताना त्यांच्या तोंडाकडे बघू नका. आपली आवडती जागा जवळ आली की आपण टीव्ही सोडून त्यांना न्याहाळतो, आणि समोरच्याला ते कळतं. मग त्याला गोष्टीपेक्षा आपल्याला काय वाटेल याचीच काळजी लागते. मध्येच रिमोट दाबून समजावणं, ‘पुढे मस्त आहे हं’ म्हणणं, जुन्या चित्रीकरणाबद्दल माफी मागणं, तिन्ही बंद करा. संपल्यावरही ‘कसं वाटलं?’ लगेच विचारू नका. माणूस उठून पाणी पिऊ दे. बोलायचं असेल तर तोच बोलतो, कधी दुसऱ्या दिवशीच्या चहाला.

आणि लागोपाठ दोन भाग कधीच लावू नका. लोकांनी ही मालिका आठवड्याला एक अशीच पाहिली आणि मधल्या सहा दिवसांत ती त्यांच्या मनात मुरली. दुसरा भाग त्यांनी मागेपर्यंत थांबा. कोणी मागितला नाही तर त्या माणसाला सोडून द्या. माझ्या धाकट्या दिराने आजपर्यंत मागितलेला नाही, आणि शनिवारी तो आमच्याकडे नुसता जेवायला येतो, त्यातही मला आनंद आहे.

किती चाललं पाहिजे याला माझ्याकडे हिशेब नाही, कारण बरंच घरावर अवलंबून आहे. दोन खोल्यांच्या घरात एकच टीव्ही असेल तर वेगळी बैठक जमवणं अवघड आहे. मग एकेका शनिवारी एकेकाची पाळी ठेवा, बाकीच्यांनी आलं तर आलं. मुलांच्या परीक्षा असतील तर महिनाभर काही लावूच नका. आई-बाबांच्या रोजच्या मालिकेची वेळ असेल तर ती मोडू नका, त्यांच्या मनात पहिल्याच दिवशी तुमच्या मालिकेबद्दल राग बसेल.

येत्या शनिवारी मी तुमच्या जागी असते तर आईंपासून सुरुवात केली असती. सात वाजता, त्यांची मालिका सुरू व्हायच्या आत. ‘द डेव्हिल इन द डार्क’ पन्नास मिनिटांचा आहे, वेळेत बसतो. आधी पाच मिनिटं मराठीत पूर्वरंग, खाणीपर्यंतच. अंड्यांचं सांगू नका. आणि त्या मेथी निवडत असतील तर निवडू द्या, जुडी हातातून काढून घेऊ नका.